पुरावा कोणाकडे असतो? एका माजी महिला सैनिकाच्या पीटीएसडी दाव्याचा अभ्यास

हे प्रकरण अमेरिकेतले आहे. तिथल्या एका काउंटीच्या माजी सैनिक साहाय्य कार्यालयात मी अधिकृत प्रतिनिधी म्हणून काम करते. माजी सैनिकांचे अपंगत्व भरपाईचे दावे तयार करणे, कागद गोळा करणे, नकार आला तर पुढची वाट सुचवणे, हे आमचे काम. ज्यांचे हे प्रकरण आहे त्यांना मी 'डी.' म्हणेन. त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

महाराष्ट्रात ज्यांच्या घरी फौजेतले कोणी आहे, त्यांना अपंगत्व पेन्शनचा मुख्य प्रश्न ठाऊक असतो: आजार नोकरीमुळे झाला की नाही? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरायचे आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यायचा. अमेरिकेतही प्रश्न तोच आणि संशयाचा फायदा सैनिकालाच, असे कायदा म्हणतो. पण पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर घटनेनंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराच्या, बाबतीत त्या फायद्यापर्यंत पोचण्याआधी एक पायरी आहे, आणि डी. त्या पायरीवरच अडकल्या होत्या.

पार्श्वभूमी

डी. २००१ साली लष्करात भरती झाल्या. काम मालट्रक चालवण्याचे. चार वर्षांत त्या सार्जंट झाल्या आणि २००५ मध्ये त्यांची तुकडी इराकला गेली. कुवेतहून उत्तरेकडे सामान नेणाऱ्या ताफ्यांत त्या गाडी चालवत. एकदा त्यांच्या पुढची गाडी रस्त्यात पेरलेल्या स्फोटकावर गेली. त्या वेळी अमेरिकेत स्त्रियांना थेट लढाऊ तुकड्यांत नेमायला बंदी होती. १९९४ चे ते धोरण जानेवारी २०१३ मध्ये मागे घेण्याची घोषणा झाली. म्हणजे कागदावर डी. 'मागच्या फळीतल्या'. प्रत्यक्षात इराकमध्ये मागची फळी अशी उरलीच नव्हती, आणि सर्वांत धोक्याचे काम रस्त्यावरचे होते.

त्याच तैनातीत, तळावर, त्यांच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार ज्या साखळीतून वर जाणार होती, त्या साखळीत तो माणूस त्यांच्या वर होता. गुप्तता राखून मदत मागण्याची सोय संरक्षण खात्याने त्याच वर्षी सुरू केली होती, पण डी. यांच्या तळावर त्याबद्दल त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी दुसऱ्या पलटणीत बदली मागितली. पिणे वाढले. कामावर उशिरा येण्यावरून त्यांना आर्टिकल १५ खाली, म्हणजे खटला न चालवता वरिष्ठ देतात ती, शिक्षा झाली आणि हुद्दा एका पायरीने खाली आला. २००७ मध्ये सन्मानाने सेवामुक्ती मिळाली. नंतरच्या दहा वर्षांत नोकऱ्या लागल्या आणि सुटल्या, लग्न झाले, दोन मुले झाली. २०१६ मध्ये त्या एका व्हेट सेंटरमध्ये, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात, जाऊ लागल्या. ही केंद्रे १९७९ पासून चालतात, आणि लष्करातल्या लैंगिक अत्याचाराबद्दलचे समुपदेशन तिथे मोफत मिळते. त्यासाठी दावा मंजूर झालेला असावा लागत नाही. पीटीएसडीचे निदान तिथून पुढे झाले.

अडचण

२०१९ मध्ये डी. यांनी कोणाची मदत न घेता ऑनलाइन दावा दाखल केला. घटना म्हणून फक्त अत्याचार लिहिला, तोही चार ओळींत. २०२० च्या सुरुवातीला, असे दावे ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या माजी सैनिक व्यवहार विभागाच्या (पुढे नुसते 'विभाग') प्रादेशिक कार्यालयाचे नकारपत्र आले. निदान मान्य होते. नकाराचे कारण एवढेच, की घटना घडल्याला आधार देणारा विश्वासार्ह पुरावा सेवेच्या नोंदींत सापडत नाही.

इथे नियम थोडा उलगडून सांगते, कारण सगळे त्यावरच फिरते. पीटीएसडीचा दावा मंजूर व्हायला तीन गोष्टी लागतात: निदान, निदानाचा त्या घटनेशी वैद्यकीय संबंध, आणि ती घटना घडल्याचा आधार. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना सारख्या. तिसरी मात्र जखम कुठून आली त्यावर बदलते. प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याचे सिद्ध असेल तर सैनिकाचा शब्द सहसा पुरतो. जुलै २०१० पासून आणखी एक सवलत आली: लढाईची नोंद नसली, तरी शत्रूच्या किंवा दहशतवाद्यांच्या हल्ल्याच्या भीतीतून आजार झाला असेल, विभागाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ते मान्य केले असेल आणि सैनिकाचे वर्णन त्याच्या नेमणुकीच्या जागेशी जुळत असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही. वैयक्तिक अत्याचाराला ही सवलत नाही. तिथे पुरावा आणावा लागतो. सेवेच्या नोंदींबाहेरचा चालतो, पण लागतोच.

या नियमात 'स्त्री' किंवा 'पुरुष' असा शब्द कुठेच नाही. तरीही त्याचा भार कोणावर पडतो हे आकड्यांत दिसते. १९९० च्या दशकात दावे केलेल्या माजी सैनिकांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीटीएसडीचा सेवेशी संबंध मान्य झालेल्यांचे प्रमाण पुरुषांत ७१ टक्के आणि स्त्रियांत ५२ टक्के निघाले. लढाईचा अनुभव हिशेबात घेतल्यावर हा फरक बहुतेक नाहीसा झाला. काही जणांनी यावरून भेदभाव नाही असा निष्कर्ष काढला. मला तो पटत नाही. लढाईतून आलेल्या जखमेला एक माप आणि अत्याचारातून आलेल्या जखमेला दुसरे, आणि लढाईच्या नेमणुका स्त्रियांना धोरणानेच बंद, असे असेल तर 'लढाईचा अनुभव' हे कारण तटस्थ कसे म्हणायचे?

पुरुषही यातून सुटत नाहीत. विभागाच्या रुग्णालयांत केलेल्या चौकशीत दर तीन स्त्रियांपैकी एक आणि दर पन्नास पुरुषांपैकी एक असे अत्याचार किंवा छळ झाल्याचे सांगतात. माजी सैनिकांत पुरुष कितीतरी जास्त, त्यामुळे पीडित पुरुषांची संख्याही मोठी आहे. नियमातल्या पर्यायी पुराव्यांच्या यादीत गर्भचाचणीचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरुषाकडे तो कागद असूच शकत नाही, आणि त्याने आपल्या खोलीतल्या सोबत्याला काही सांगितले असण्याची शक्यताही कमी.

डी. यांच्या नकारात आणखी एक दोष होता. कार्यालयाने त्यांच्या वैद्यकीय नोंदी मागवल्या होत्या, पण नेमणुका, मूल्यमापने, शिक्षा यांची संपूर्ण सेवा-फाइल मागवलीच नव्हती. विभागाच्या तज्ज्ञाकडून वैद्यकीय तपासणीही ठरवली नव्हती. हा एकट्या डी. यांचा अनुभव नाही. विभागाच्याच महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०१८ मध्ये अहवाल दिला: २०१७ च्या सहा महिन्यांत अशा प्रकारचे सुमारे २,७०० दावे नाकारले गेले, त्यांतले सुमारे १,३०० चुकीच्या पद्धतीने हाताळलेले होते. पुरावे न मागवणे, गरज असताना तपासणी न ठरवणे या त्यातल्या ठळक चुका. कारणही अहवालात आहे: पूर्वी अशी प्रकरणे खास प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे जात, देशभरात काम वाटण्याची नवी संगणकीय पद्धत आल्यावर ती कोणाकडेही जाऊ लागली. २०२१ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा चुकीचे प्रमाण ५७ टक्के निघाले.

समोरचे पर्याय

डी. आमच्याकडे आल्या तेव्हा नकाराला वर्ष व्हायला थोडाच अवधी होता. ही मुदत महत्त्वाची. २०१९ पासून लागू असलेल्या अपील पद्धतीत वर्षाच्या आत पुढचे पाऊल टाकले तर मूळ दाव्याची तारीख टिकते, आणि मंजुरी आली की थकबाकी तिथपासून मिळते.

वाटा तीन होत्या. पहिली, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. ती लवकर होते, पण नवा कागद जोडता येत नाही. सेवा-फाइल न मागवणे ही उघड चूक होती, त्यामुळे प्रकरण दुरुस्तीसाठी परत गेले असते. पण मग पुरावा काय आणि कसा मांडायचा हे पुन्हा कार्यालयाच्याच हाती. दुसरी, नवा आणि संबंधित पुरावा जोडून पूरक दावा. तिसरी, अपील मंडळ. तिथे न्यायाधीशासमोर स्वतः बोलता येते, पण वाट पाहणे फार. डी. यांची तेव्हाची झोप, घर आणि कामाची अवस्था पाहता तिसरी वाट मी शेवटची म्हणून ठेवली. आम्ही पूरक दाव्याची वाट धरली.

खरा कठीण प्रश्न मात्र वेगळाच होता. ताफ्यातला स्फोट डी. यांनी दाव्यात लिहिलाच नव्हता. तो लिहिला तर २०१० ची सवलत लागू होत होती, पुराव्याचा प्रश्न जवळजवळ मिटत होता. भरपाईच्या दृष्टीने घटना एक असो की दोन, पीटीएसडीला अपंगत्वाची टक्केवारी, जिच्यावर भरपाई ठरते, एकच मिळते. दोन घटनांची बेरीज होत नाही. म्हणजे फक्त स्फोटावर दावा उभा करून, अत्याचाराबद्दल कोणाला काही न सांगता, तेवढेच पैसे मिळण्याची शक्यता होती.

मी हे त्यांच्यापुढे जसे आहे तसे ठेवले. असे करणारे बरेच जण आहेत आणि त्यात खोटे काही नाही. स्फोट झालाच होता. मात्र एक धोका होता. त्यांची लक्षणे, म्हणजे बंद खोलीत पुरुष वरिष्ठासोबत बसता न येणे, रात्री दार पुन्हा पुन्हा तपासणे, शरीरतपासणी टाळणे, ही रस्त्यावरच्या स्फोटाशी जोडायला कोणताही प्रामाणिक तज्ज्ञ कचरला असता. मग घटना मान्य आणि संबंध अमान्य, असा दुसराच नकार आला असता.

डी. यांनी विचार करायला वेळ घेतला आणि ठरवले: दोन्ही लिहायचे. अत्याचार वगळून मिळालेले पैसे घरी आणायचे आणि वर पुन्हा गप्प बसायचे, हे त्यांना नको होते. मला वाटते हा निर्णय प्रतिनिधीने कधीही स्वतः घेऊ नये. कायद्याच्या अंगाने दोन्ही बाजू सांगाव्यात आणि थांबावे. दुसरी एखादी बाई, त्याच कागदांसह, फक्त स्फोट निवडेल आणि तेही तितकेच योग्य असेल.

काय केले

आधी संपूर्ण सेवा-फाइल मागवली. ती आली तेव्हा तिच्यात डी. यांना स्वतःलाही नको असलेले बरेच होते. तैनातीआधीच्या मूल्यमापनात 'उत्कृष्ट' असे शेरे. त्यानंतरच्या मूल्यमापनात तीन ठिकाणी 'सुधारणा आवश्यक'. मध्ये आर्टिकल १५ चा कागद, हुद्दा घटल्याचा आदेश आणि पलटण बदलण्याची विनंती. इतकी वर्षे डी. यांनी हा सगळा गठ्ठा आपल्या नालायकीचा दाखला म्हणून मनात ठेवला होता. दाव्याच्या नियमात मात्र वागण्यातला अचानक बदल हाच आधार आहे: बदलीची मागणी, कामाची घसरण, व्यसन, कारण न सापडणारे नैराश्य किंवा घाबरण्याचे झटके. आम्ही एका कागदावर तारखा एकाखाली एक मांडल्या. घटनेचा महिना मध्ये ठेवला. त्याच्या वरचे सगळे शेरे चांगले आणि खालचे सगळे वाईट, हे बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळत होते.

वैद्यकीय नोंदींत त्या महिन्यानंतर लगेच, दीड महिन्यात दोनदा केलेली गर्भचाचणी होती. पहिल्या नकारात तिचा उल्लेखही नव्हता. लष्करात अशी चाचणी नेहमीच्या कारणांसाठीही होते, म्हणून एकटी ती पुरेशी नाही. तारखांच्या रांगेत ठेवल्यावर तिला अर्थ आला.

मग साक्षीची निवेदने. नवऱ्याचे निवेदन वजनदार ठरले असते, कारण घरातली वागणूक तो रोज पाहतो. पण त्याला अत्याचाराबद्दल काहीच माहीत नव्हते. पुराव्याची गरज म्हणून एखाद्या बाईने ही गोष्ट नवऱ्याला सांगावी, हे मला मान्य नव्हते आणि डी. यांनाही नको होते. बहिणीला २००६ मध्ये सुट्टीवर आल्यावर त्यांनी अर्धेमुर्धे सांगितले होते. बहिणीने लिहिले: कधी सांगितले, काय सांगितले, त्याआधीची डी. कशी होती आणि नंतरची कशी. ताफ्यात बरोबर गाडी चालवणाऱ्या एका सहकाऱ्याने स्फोटाबद्दल लिहिले, आणि न विचारता एक वाक्य जोडले, की त्या उन्हाळ्यानंतर डी. जेवणघरात एकट्या येत नसत.

निवेदनासोबतच्या पत्रात मी एका निकालाचा आधार दिला. माजी सैनिकांच्या दाव्यांवरची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०१३ साली 'एझेड विरुद्ध शिन्सेकी' प्रकरणात म्हटले आहे, की अत्याचाराची तक्रार केली नाही आणि सेवेच्या नोंदीत त्याचा उल्लेख नाही, ही बाब अत्याचार घडला नाही याचा पुरावा म्हणून धरता येत नाही. डी. यांच्या नकारपत्राचे मुख्य वाक्य नेमके तेच होते. २०११ च्या 'मेनेगासी' निकालाचाही उल्लेख केला. त्यानुसार तज्ज्ञाचे वैद्यकीय मत हेसुद्धा अशी घटना घडल्याला आधार मानता येते. व्हेट सेंटरच्या समुपदेशिकेने चार वर्षांच्या भेटींवरून सविस्तर पत्र दिले.

तपासणीसाठी स्त्री तज्ज्ञ मिळावी अशी मागणी नोंदवली. अत्याचाराच्या प्रकरणात ती करता येते, आणि पुष्कळांना हे ठाऊक नसते. तपासणीच्या दिवशी काय होईल हे आधी बोलून घेतले. त्यात एका मुद्द्यावर मी बराच वेळ घालवला. डी. नेहमी नीटनेटक्या असत, केस बांधलेले, कपडे इस्त्रीचे, बोलणे शांत. लहानपणापासून तसेच वळण. अहवालात 'टापटीप, सहकार्य करणारी' असे लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला आजार हलका वाटतो. मी त्यांना नाटक करायला सांगितले नाही. एवढेच म्हटले, की आदल्या महिन्यातला सर्वांत वाईट दिवस कसा गेला ते विचारले नाही तरी सांगा, आणि 'बरी आहे' हे उत्तर त्या खोलीत देऊ नका.

निकाल

तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने लिहिले, की नोंदींतले बदल अत्याचाराशी जुळतात आणि आजार त्यातून उद्भवला असण्याची शक्यता किमान निम्मी आहे. या कायद्यात तेवढे पुरते. पारडे समान असेल तर निकाल सैनिकाच्या बाजूने. स्फोटाचाही वाटा असल्याचे तिने नोंदवले. दावा मंजूर झाला, २०१९ च्या तारखेपासून, ५० टक्के.

डी. यांना तिथे थांबायचे होते. माझ्या मते ५० कमी होते. ७० टक्क्यांच्या निकषात काम, कुटुंब, निर्णयशक्ती, मनःस्थिती अशा बहुतेक क्षेत्रांत उणीव असावी लागते, आणि उदाहरणे दिली आहेत: कारण नसताना चिडून हिंसक होणे, स्वतःच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष. ही उदाहरणे वाचताना डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस उभा राहतो, आणि तो बहुधा पुरुष असतो. डी. चिडून कोणावर हात उगारत नव्हत्या. त्या तासन्‌तास स्वच्छतागृहात दार लावून बसत आणि मोठी मुलगी धाकट्याला जेवू घाली. २००२ च्या 'मॉअरहॅन' निकालात न्यायालयाने सांगितले आहे की ही यादी उदाहरणांची आहे, तिच्यातले प्रत्येक लक्षण असायलाच हवे असे नाही. या आधारावर फक्त टक्केवारीपुरती वरिष्ठ फेरतपासणी मागितली. नवा कागद लागत नव्हता, घरातल्या या सगळ्या गोष्टी तपासणीच्या अहवालात आधीच होत्या. टक्केवारी ७० झाली. २०२४ च्या दरांनी, कोणी अवलंबून नाही असे धरले तर, ५० टक्क्यांना महिन्याला सुमारे १,०७५ डॉलर आणि ७० टक्क्यांना सुमारे १,७१६ डॉलर, करमुक्त. डी. यांच्या घरात हा फरक म्हणजे मुलांच्या पाळणाघराचा खर्च.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठे नुकसान २०१६ ते २०१९ या काळाचे, आणि ते आता भरून येणार नाही. डी. समुपदेशनाला जाऊ लागल्या तेव्हा दावा करण्याच्या इराद्याची एक पानी सूचना भरली असती तर पुढच्या वर्षभरात तयार केलेल्या दाव्याला त्या दिवसाची तारीख मिळाली असती. त्या पानावर काय घडले ते लिहावे लागत नाही. उपचार देणाऱ्यांचे काम उपचाराचे, हे खरे. तरी पहिल्या दोन-तीन भेटींत एवढे सांगायला हवे, आणि आमच्या भागातल्या समुपदेशकांना मी आता ते पान देऊन ठेवते.

पहिल्या दाव्यात चार ओळींऐवजी तारखांची रांग असती तर फाइल मागवली गेली असती का, हे सांगता येत नाही. पण ती मागवणे कार्यालयाचे कर्तव्य होते, दावेदाराच्या लेखनकौशल्यावर ते अवलंबून नसावे. विभागाने आता अशी प्रकरणे पुन्हा प्रशिक्षित गटांकडे सोपवली आहेत. चुका त्यामुळे कमी होतील. पुराव्याची वेगळी पायरी मात्र तशीच आहे. २०१० मध्ये शत्रूच्या भीतीला जी सवलत दिली, म्हणजे तज्ज्ञाने मान्य केले आणि परिस्थितीशी जुळले की पुरे, तीच आपल्याच माणसाकडून झालेल्या अत्याचाराला का नको, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही अधिकाऱ्याकडून मिळालेले नाही. 'खोटे दावे वाढतील' हे उत्तर ताफ्यातल्या भीतीबद्दलही देता आले असते. तिथे ते कोणी दिले नाही.

नवऱ्याला न सांगण्याचा निर्णय मी आजही तसाच ठेवला असता. मंजुरीची पत्रे घरी जातात, हे मात्र आधी लक्षात घेऊन ऑनलाइन खात्यावरच सूचना येतील अशी सोय करून घ्यावी. डी. यांच्या बाबतीत आम्ही ती पूरक दाव्याच्या वेळी केली. थकबाकी जमा झाल्यावर त्यांनी त्याला स्वतः, स्वतःच्या वेळी, जेवढे सांगायचे तेवढे सांगितले.